फक्त यांना वगळून
सोसायटीच्या बाकावर नकला करता करता मी जोशीकाकूंना म्हणालो, “काय काकू, चिरंजीव गोव्यात! स्टेटसवर फोटो काय झकास टाकलेत!”

काकूंनी फोन उघडला, बोट वरखाली फिरवलं आणि हसल्या. “हो रे, सकाळीच पाहिले. जरा बारीक झालाय, नाही?”

शेजारून मला त्यांची स्क्रीन दिसत होती. मुलाचं स्टेटस तिथे नव्हतंच. सेटिंगमध्ये तशी सोयच आहे: सगळ्यांना दिसू दे, फक्त यांना वगळून.

पोराची नक्कल करायला माझी जीभ वळवळली. पण माझ्याही फोनमध्ये वगळलेल्यांच्या यादीत एक नाव आहे. प्रत्येक फोटो पाहून ती फोन करायची, म्हणून वगळलेली आई.

गावी तिलाही कुणी विचारत असेल. “सकाळीच पाहिले,” तीही म्हणत असेल.