अण्णांचं लाल बटण

सर्व्हरवरच्या नको त्या फाइल्स निदान पुसता तरी येतात. अण्णांचे किस्से मात्र साठतच जातात! डबे उघडले की एक निघतो, आणि त्याच्या मागून दुसरा.

अण्णा मूळचे निपाणीचे. हेब्बाळच्या आमच्या संशोधन संस्थेचे सर्व्हर तेच सांभाळतात. मी पुण्याहून नवी आले तेव्हा पहिल्याच दिवशी ऐटीत विचारलं, "अण्णा, मेन पासवर्ड?"

"पासवर्ड कशाला गं? बटणं आहेत की!"

त्यांनी एक वेबपेज उघडून दिलं. बंद पडलेलं चालू करा, बॅकअप घ्या, अशी रोजची हिरवी बटणं. लाल बटण एकच, सर्व्हर पुसायचं. ते दाबलं की सर्व्हरचं नाव टाइप करायचं. मग काय काय पुसलं जाणार त्याची यादी येते. दुसऱ्या कुणीतरी ती वाचून आपल्या मशीनवरून 'हो' म्हटल्याशिवाय काही म्हणजे काही हलत नाही.

मला तेव्हा हसू आलं होतं.

*

आमची रम्या एकदा फ्लायओव्हरवर रिक्षात अडकली, आणि इकडे संस्थेचा मेल बंद! तिने फोनवर पेज उघडून हिरवं बटण दाबलं. मेल सुरू.

रिक्षावाले काका आरशातून बघत होते. म्हणाले, "मग ऑफिसला कशाला चाललाय मॅडम?"

*

एक सिक्युरिटीवाला तज्ज्ञ पेज तपासायला आला. नावाच्या चौकटीत नाव सोडून भलभलत्या कमांड टाकत बसला. पेजचं दर वेळी एकच उत्तर: 'असा सर्व्हर आपल्याकडे नाही.'

अण्णांनी त्याच्यापुढे डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, ठेवलं. "स्वल्प खाऊन घ्या. भोक सापडलं तर सांगा, लगेच बुजवतो."

सापडलं नाही. मी तर थक्कच झाले!

*

डायरेक्टर एकदा चिडले. "मी डायरेक्टर आहे! मला लाल बटण का नाही?"

"म्हणूनच नाही, सर."

*

आणि हा शेवटचा.

एक जुना सर्व्हर भंगारात जायचा होता. डायरेक्टर घाई करत अण्णांच्या डोक्यावर उभे. अण्णांनी लाल बटण दाबलं, यादी माझ्या स्क्रीनवर आली. मी वाचायला लागले आणि एका ओळीवर थांबले. आमच्या ज्येष्ठ संशोधक सरनाईक मॅडमनी गावोगाव फिरून मोजलेली विहिरींच्या पाण्याची पातळी, त्यांचं आयुष्यभराचं काम! नव्या सर्व्हरवर कालच हलवलेलं, दुसरी प्रत अजून झालेली नव्हती. अण्णांनी नव्याचंच नाव टाइप केलं होतं.

मी 'नाही' दाबलं.

"अण्णांना 'नाही' म्हणतेस?" डायरेक्टर ओरडले.

अण्णा उठून माझ्या टेबलाशी आले. यादी वाचली. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. कानडीत "सरी," म्हणजे 'बरोबर', एवढंच म्हणाले, आणि मॅडमच्या खोलीत जाऊन त्यांना सगळं सांगून आले.

दुसऱ्या दिवशी पेज उघडलं, तर अण्णांनी रात्रीत नियम बदलला होता. आम्हा सगळ्यांना लाल बटणासाठी अजून एकाचाच 'हो' लागत होता. अण्णांच्या नावापुढे दोघांचा. एक माझा.

दुसरा सरनाईक मॅडमचा!