शेवटची ओळ वाच, रत्ना

अमेरिकेत, प्लेनोतल्या एका ड्राय-क्लीनरच्या दुकानात, मागच्या बाजूला, शिलाई मशीनपाशी नीला रिसबूड गेली एकोणीस वर्षं बसते. कोणाची पँट चार बोटं आखूड करायची, कोणाच्या ब्लाउजची शिवण उसवून कमरेला सोडायचं. ओठांत टाचण्या धरूनसुद्धा ती "हलू नका" एवढं स्वच्छ बोलते आणि गिऱ्हाईक खरंच हलत नाही. तिथल्या मराठी मंडळात मात्र तिची ओळख वेगळी. गणपतीत मखराची झालर शिवणार, पडदा शिवणार, नाटकातल्या मुलांचे अंगरखे शिवणार आणि आभारप्रदर्शनात नाव राहिलं तरी हसून घरी जाणार. "नीला ना? गरीब गाय आहे," असं रत्ना जोशी तिच्याबद्दल तिच्यासमोरच म्हणायची.

फेब्रुवारीत दुसऱ्या राज्यातल्या बेलव्ह्यूहून सुमंतरावांचा फोन आला. त्यांची मुलगी अनिका आणि नीलाचा मुलगा सौमित्र यांचा साखरपुडा मे महिन्यात ठरला होता.

"वहिनी, रागावू नका, पण आम्ही जरा थांबतो."

"का हो? काय झालं?"

"सौमित्रवर क्रिमिनल केस होती, हे तुम्ही बोलला नाहीत."

नीलाने फोन स्पीकरवर टाकला. समोर तिचा नवरा, बाळ, चहा ढवळत होता. त्याचा चमचा थांबला.

"ती केस डिसमिस झाली होती, सुमंतराव. आठ वर्षं झाली."

"असेल. पण आमच्या आसावरीकडे कोर्टाच्या साइटचा स्क्रीनशॉट आलाय. गांजा बाळगल्याचा आरोप, अटकेची तारीख, सगळं आहे. रत्ना जोशींनी पाठवला. त्यांचा हेतू चांगलाच होता हो, पोरीच्या काळजीपोटी..."

आसावरी म्हणजे अनिकाची मावशी, प्लेनोतच राहणारी. म्हणजे बातमी बेलव्ह्यूला गेली ती अख्ख्या प्लेनोतून फिरून.

सौमित्र एकवीस वर्षांचा असताना मित्राच्या गाडीत मागे बसला होता. पोलिसांनी गाडी थांबवली, डिकीत पुडी सापडली, चौघांना धरून नेलं. मित्राने पुडी आपली असल्याचं कबूल केलं आणि बाकीच्यांच्या केसेस कोर्टाने काढून टाकल्या. त्या दिवशी रिसबुडांनी घरी सत्यनारायण घातला आणि विषय बंद केला. केस निकाली निघाली म्हणजे कागदही गेले, अशी नवराबायकोची ठाम समजूत. लाजेपोटी कोणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून ती समजूत कोणी दुरुस्तही केली नाही.

"आई, लेट इट गो," सौमित्र म्हणाला. त्या रात्री ताट समोर असून तो जेवत नव्हता. "अनिकाला मी आधीच सांगितलं होतं. इट्स हर डॅड."

"मग तू तिचा फोन का उचलत नाहीस?"

"अँड से व्हॉट? माझा पेपर बघ, मी चोर नाही?"

तो वर निघून गेला. नीलाने त्याचं ताट झाकून ठेवलं.

"अहो, उद्या मला कोर्टात सोडा."

"कोर्टात? वकील बघू आपण..."

"वकील नंतर. रत्नाला जे दिसतं ते मलाही दिसलंच पाहिजे की."

दुसऱ्या दिवशी हायवेवर बाळ एकच वाक्य तीनदा म्हणाला, "तुला आत सोडतील का?" सोडलं. पर्स मशीनमधून गेली, पर्समधली छोटी कात्री बाहेर राहिली. नीला पहिल्याच रांगेत अर्धा तास उभी राहिली आणि तिथल्या माणसाने सांगितलं की हे डिस्ट्रिक्ट क्लर्कचं ऑफिस, इथे मोठे गुन्हे. लहान गुन्ह्यांचे कागद काउंटी क्लर्ककडे, खालच्या मजल्यावर.

खाली खिडकीत मिसेस डेलगाडो नावाची बाई होती. चष्मा साखळीला लावलेला, समोर पेपरमिंटची वाटी.

"मी आरोपीची आई आहे," नीलाने इंग्रजीत सुरुवात केली. "ओळखपत्र आणलंय."

"कशाला? तुम्ही शेजारीण असतात तरी चाललं असतं. फौजदारी केसचे कागद कोणीही मागू शकतं. अल्पवयीन मुलांचे आणि कोर्टाने झाकलेले सोडून."

"कोणीही?"

"कोणीही, मॅडम. त्या कॉम्प्युटरवर नाव टाका, केस नंबर लिहून आणा, मी प्रती काढून देते. साइटवर नुसती यादी असते, आतली पानं इथेच मिळतात."

सौमित्रची केस तीन पानांची निघाली. पहिल्यावर आरोप. नीलाने तेच दोनदा वाचलं. मिसेस डेलगाडोंनी पान उलटून दिलं.

"मी वकील नाही, सल्ला देणार नाही. पण वाचायचं कसं ते सांगते. पहिलं पान म्हणजे कोणीतरी काहीतरी म्हटलं, एवढंच. काय ठरलं ते शेवटी असतं. लोक पहिलं पान वाचून घरी जातात."

शेवटच्या पानावर जजची सही आणि एक ओळ: पुराव्याअभावी केस रद्द.

"मग हे अजून दिसतं कसं?"

"आपोआप पुसलं जात नाही. त्याला वेगळा अर्ज असतो. ते वकिलाला विचारा. शिक्का मारून हवंय?"

"मोठा शिक्का मारा," नीला म्हणाली.

शिक्का वाळेपर्यंत ती त्या कॉम्प्युटरकडे बघत राहिली. कोणीही. शेजारीणसुद्धा. मग एक गोष्ट तिच्या मनात टाचणीसारखी रुतली. रत्नाला हे बघायचं कसं हे माहीत कुठून? प्लेनोतल्या कुठल्या काकूला केसची यादी उघडता येते? आणि पाच वर्षांपूर्वी हीच रत्ना सहा महिने दर शनिवारी धान्यवाटप केंद्रावर खोकी उचलायला जात होती. हात दुखतात म्हणून मंडळात कधी सतरंजी न उचलणारी रत्ना! मंडळाने तिला निःस्वार्थ समाजसेवेबद्दल शाल-श्रीफळ दिलं होतं. शालीची किनार नीलानेच शिवली होती.

तिने टाइप केलं. रत्ना जोशी. या नावाच्या तिघी निघाल्या. रत्नाचा वाढदिवस बावीस ऑक्टोबर, दरवर्षी मंडळाच्या दिवाळीत केक असतो. तिघींपैकी एकीचीही तारीख ती नव्हती. एक कॉलेजच्या वयाची, दुसरी पस्तिशीची आणि तिसरी एक जून अठ्ठावन्नची. या तिसरीवर चोरीचा आरोप होता. पण ती दुसरीच कोणी. नीलाने उसासा टाकला आणि गाडीत येऊन बसली.

"मिळालं?" बाळने विचारलं.

"सौमित्रचं मिळालं. रत्नाचं काही नाही. एक होती, पण तिची तारीख एक जून."

बाळ हसायला लागला. "अगं, माझी काय आहे?"

"तुमची सात मार्च..."

"फॉर्मवर काय लिहितेस?"

गेली तीस वर्षं व्हिसा, ग्रीन कार्ड, इन्शुरन्स, प्रत्येक फॉर्मवर तिने स्वतःच्या हाताने नवऱ्याचा जन्म एक जून लिहिला होता. शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? घरचे म्हणायचे, त्या वर्षी आंबा फार आला होता. मास्तर लिहायचे, एक जून.

"आमच्या वर्गात एकवीस जण एक जूनचे," बाळ म्हणाला. "रत्नाही गावच्याच शाळेतली ना? कुठे निघालीस?"

नीला गाडीतून उतरून पायऱ्या चढत होती. पर्स पुन्हा मशीनमधून गेली.

मिसेस डेलगाडोंनी त्या तिसरीचे कागद दाखवले, तर पत्ता रत्नाच्याच घराचा निघाला. मोठ्या दुकानातून अत्तराच्या दोन बाटल्या पर्समध्ये टाकल्या होत्या. कोर्टाने घातलेली अट: ऐंशी तास समाजसेवा. नीला शेवटच्या पानापर्यंत गेली. अट पूर्ण केल्यामुळे केस रद्द. तिथेही तसाच निकाल. क्षणभर तिला वाटलं, हे पान घडी करून विसरून जावं. मग झाकलेलं ताट आठवलं, आणि तिने मिसेस डेलगाडोंना म्हटलं, "याचीही प्रत द्या. फक्त पहिलं पान."

एप्रिलमध्ये रत्नाकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पंचवीस बायका, पन्ह्याचे पेले, आंब्याची डाळ. नीला निळी साडी नेसून गेली. तिला बघून दोघी-तिघी उगाच डाळीच्या वाटीकडे वळल्या. रत्ना मात्र पुढे आली.

"ये गं. आलीस ते बरं केलंस. असल्या प्रसंगात माणसाने घरी बसू नये. सौमित्र कसा आहे बिचारा?"

"त्याचेच कागद आणलेत. तुला इंटरेस्ट आहे ना?"

"अगं, इथे कशाला..."

"इथेच. स्क्रीनशॉट एकच पान होता, ही तीन आहेत. माझं इंग्रजी शिलाईपुरतं. तू वाच, सगळ्यांना ऐकू दे."

"नीला, तमाशा नको हं."

नीलाने तीन पानं तिच्या हातात दिली आणि पर्समधून चौथं वर काढलं. पूर्ण नाही. फक्त नाव दिसेल इतकंच, आणि तेही रत्नालाच.

"की हे वाचतेस? आसावरी वाचेल ना खणखणीत."

रत्नाच्या हातातला पेला कलंडला, पन्हं गालिच्यावर सांडलं. कोणीतरी टिश्यू आणायला धावलं.

"हलू नकोस," नीला म्हणाली. "वाच."

रत्नाने वाचलं. पहिलं पान, दुसरं पान.

"शेवटची ओळ वाच, रत्ना. मोठ्याने."

"पुराव्याअभावी... केस रद्द."

"कोणाची?"

"सौमित्र बाळकृष्ण रिसबूडची."

"आणि ही ओळ तू कोणाला पाठवली होतीस?"

आसावरीने डाळीची वाटी खाली ठेवली. "नीलाताई, माझ्याकडे नुसता स्क्रीनशॉट आला होता. मला वाटलं, तेवढंच असतं." तिने शिक्क्याच्या पानाचा फोटो काढून बेलव्ह्यूला पाठवला. पाचच मिनिटांत तिचा फोन वाजला. "अनिका आहे. विचारतेय, सौमित्र आता तरी फोन उचलेल का?"

"त्याला सांगते," नीला म्हणाली, आणि पन्ह्याचा पेला घेऊन आत किचनमध्ये गेली. रत्ना तिच्या मागोमाग आली आणि तिने दार लावून घेतलं.

"ते चौथं दे मला."

"घे." नीलाने सरळ देऊन टाकलं. रत्नाने फाडलं, परत फाडलं, सिंकमध्ये टाकलं, नळ सोडला.

"झालं?" नीलाने विचारलं. "आता काउंटीत जाऊन तिथलंही फाड. माझ्या मुलाचं मी वकिलाकडे दिलंय, महिन्या-दोन महिन्यांत पुसलं जाईल. तुझं बघ बाई तू."

"तू कोणाला सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू? कोणीही नाव टाकलं की दिसतं."

"नीला, चुकले मी. पाया पडते."

"नको. गुडघे दुखतील." नीलाने पन्हं संपवून पेला ओट्यावर ठेवला. "दर वर्षी मला हळदीकुंकवाला बोलवायचं. मी पर्स घेऊन येणार. त्यात काय असेल, ते तू विचारायचं नाहीस."

बाहेर येऊन तिने आसावरीकडून स्वतःची ओटी भरून घेतली. दारात रत्ना उभी होती. नीलाने तिच्या कपाळाला शांतपणे हळदीकुंकू लावलं, आणि घरी जाऊन सौमित्रच्या खोलीचं दार वाजवलं.