प्रॉमिनंट माणसाची वाट

१९८३च्या फेब्रुवारीतला तिसरा रविवार. पंचवटीतल्या आमच्या घरी मोठ्या मुलीच्या लग्नाची बैठक बसली. हजर पाच जण: मी, माझे वडील, मेहुणा, निफाडचे व्याही आणि त्यांचे भाऊ. कार्यालयाचे भाडे नऊशे रुपये, ते आमच्याकडे ठरले. हुंडा व्याह्यांनी मागितला नाही.

व्याही म्हणाले, “देण्याघेण्याचं राहू द्या. पण माणसं प्रॉमिनंट पाहिजेत. आमच्याकडं लोक बघतात, आलं कोण. एकाला मी आणतो.”

“प्रॉमिनंट म्हणजे काय रे?” वडिलांनी मला विचारले.

“नावाजलेला,” मी म्हणालो. कचेरीतल्या इंग्रजी पत्रांत हा शब्द मी नेहमी टाइप करत असे.

“मग येऊ द्या की,” वडील म्हणाले.

लग्न मे महिन्यात, मुहूर्त दुपारी बारा एकवीसचा. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, साखरेचे दुखणे. उपाशी ठेवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण नातीवर अक्षता पडल्याशिवाय ते घास घेणार नव्हते.

मुहूर्ताच्या तोंडावर व्याह्यांनी माइक घेतला. “तालुक्यातली प्रॉमिनंट व्यक्ती निघालेली आहे. पाच मिनिटं थांबावं.”

एक वाजला. “मुहूर्त गेला की हो,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, तुमचा मुहूर्त पंचांगात. आमचा जीपमधी बसलाय!” व्याह्यांच्या बाजूला हशा पिकला.

“तो काय अंतरपाट धरणार आहे का?” वडील म्हणाले. बायकोने त्यांच्यासाठी दूध आणले, ते त्यांनी परत पाठवले. मी दोनदा व्याह्यांकडे गेलो.

“तुमच्या वडिलांनीच तर होकार दिला,” ते म्हणाले. मुलीचा बाप मी, परत येऊन वडिलांना वारा घालू लागलो.

दोनच्या सुमारास वडिलांना दरदरून घाम फुटला, मान कलली. मेहुण्याने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. थोड्याच वेळात जीप आली आणि अक्षता पडल्या. पाहुण्याने मुलीला भलत्याच नावाने आशीर्वाद दिला, शाल-श्रीफळ घेतले आणि न जेवता निघून गेला. त्याला त्या दिवशी आणखी दोन लग्ने होती.

ज्याच्यासाठी बाकीच्यांना ताटकळत ठेवता येते तो प्रॉमिनंट, असाच अर्थ मी तेव्हापासून धरतो. आमच्याकडे तो शब्द वापरतातही तसाच.

वडील वाचले. सलाइन चालू असताना त्यांनी विचारले, “पडल्या का अक्षता?” मी हो म्हणालो. त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

संध्याकाळी कार्यालयाच्या व्यवस्थापकाने नऊशेवर जादा वेळेचे दीडशे लावले. व्याही तेव्हा टेम्पोत सामान चढवून घेत होते. एक हजार पन्नास रुपये मी व्यवस्थापकाच्या हातात दिले.