आधी सीडी, मग वायर

स्कॅनरच्या वायरीच्या टोकाला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की आधी सीडी टाकून ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर चालवणारा प्रोग्राम, बसवा, तोपर्यंत ही वायर कॉम्प्युटरला जोडू नका. मी ती भागीदाराला वाचून दाखवली, मराठीत समजावूनही सांगितली. एकदा नाही, दोनदा. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे श्रीरामपुरात ही हकीकत ज्या रीतीने फिरली, तिच्यात ही चिठ्ठी कुठेच नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा मी, लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या स्वतःच्या दुकानापर्यंत आलो होतो. कुणी हात धरून आणलं नव्हतं. शेजारच्या गाळ्यात भागीदाराचा फोटो स्टुडिओ होता. हँडबिलावर फोटो हवा असं गिऱ्हाइकं म्हणायला लागली, तेव्हा आम्ही निम्म्या भागीत स्कॅनर घ्यायचं ठरवलं. त्याची एकच अट होती. पहिला फोटो त्याच्या वडिलांचा करायचा. वडील तो लहान असतानाच गेलेले. घरात त्यांचा एकच फोटो, तोही घडी पडून चिरलेला, चीर नेमकी गालावरून गेलेली. कॉम्प्युटरवर ती भरून काढता येते, हे मीच त्याला सांगितलं होतं.

नगरच्या दुकानदाराशी भाव मी केला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "या भावात बसवून द्यायला माणूस येणार नाही हां." मी म्हणालो, "नको पाठवू. आम्हाला काय हात नाहीत?" भागीदार तेव्हा बाजूलाच उभा होता आणि हसत होता.

खंडेनवमीला स्कॅनरची पूजा करायची ठरली. वर्षभर पोट भरणारी हत्यारं त्या दिवशी पुजायची, मग नवं हत्यार कसं मागे ठेवायचं? भागीदाराची आई पुणतांब्याहून पहिल्या गाडीने आली. नवऱ्याचा फोटो तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता. मी झेंडू आणायला बाहेर पडलो. जाताना पुन्हा बजावलं, "आधी सीडी."

सणाच्या दिवशी झेंडूवाले माजलेले असतात. पहिल्याने सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. दुसऱ्याकडे गेलो, तिसऱ्याकडे गेलो, पुन्हा पहिल्याकडे आलो. फुलं घेऊन दुकानात शिरलो तर म्हातारी तोंडभर हसत म्हणाली, "लागला बघ दिवा मशिनीचा! हिरवा हाय."

स्कॅनरच्या झाकणावर कुंकवाची बोटं उमटली होती. वायर कॉम्प्युटरला जोडलेली होती. पिवळी चिठ्ठी खाली पडली होती.

"सीडी टाकलीस का?" मी विचारलं.

"टाकतो की आता. आई म्हणाली, मशीन मेल्यावानी पडलंय, त्याला कुंकू कसं लावू? दिवा तर लागू दे. आधी काय नि मग काय!"

फरक पडला. वायर लागताच कॉम्प्युटरने विचारलं होतं, हा नवीन कोण आला? आई शेजारी उभी, तिच्यासमोर अडलेलं दिसू नये म्हणून भागीदाराने समोर येईल ते बटण दाबत नेलं. कॉम्प्युटरने स्कॅनरची नोंद अनोळखी म्हणून करून टाकली. मग आम्ही सीडी टाकली, काढली, पुन्हा टाकली. एकच उत्तर येत होतं, स्कॅनर सापडत नाही. हिरवा दिवा मात्र जळत होता. नगरला फोन लावला, तर सणामुळे तिथे कुणी उचलेना.

म्हातारी स्टुलावर बसली होती, फोटो मांडीवर. "बिघाडली का रं?"

"न्हाई गं आई, व्हतंय."

"काय व्हतंय?" मी भडकलो. "दोनदा सांगितलं होतं तुला. कुंकू लावून ड्रायव्हर बसतो का?"

"बसवायला माणूस आणता आला असता. तूच नको म्हणालास. झेंडूवाल्याशी भांडतोस तसा त्याच्याशी भांडलास."

"मी भांडलो म्हणून स्कॅनर दिसला तुला. नाहीतर जन्मभर पासपोर्ट फोटो काढत बसला असतास."

म्हातारीने फोटो पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला. "ऱ्हाऊ द्या बाबांनो. सणासुदीचं भांडू नगा. त्यास्नी आता कुठं घाई हाय?"

तो तिला स्टँडवर सोडायला गेला, तो दुकानात परत आलाच नाही. भागी मोडायची आहे, हा निरोप दुसऱ्याच माणसाकडून आला. आणि गावभर झालं ते असं, की मी त्याच्या आईच्या कुंकवाची टिंगल केली. मी ते त्याला बोललो होतो, तिला नाही. हे ऐकून घ्यायला तो माझ्यासमोर उभाच राहिला नाही. हा सल अजून आहे.

दसरा झाल्यावर नगरचा फोन लागला. ती अनोळखी नोंद काढून टाका, वायर उपटा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा, सीडी टाका, मग वायर जोडा. चहा गार व्हायच्या आत स्कॅनर चालू झाला. पहिला फोटो निघाला तो बियाणंवाल्याच्या हँडबिलासाठी कपाशीच्या बोंडाचा. मी चहावाल्याकडून भागीदाराला निरोप धाडला, मशीन चालू आहे, फोटो घेऊन ये. उलट निरोप आला, "आमचं आम्ही बघू."

काही वर्षांनी म्हातारी गेली. दहाव्याला मी पुणतांब्याला गेलो. गोदावरीवरचे विधी आटोपून सगळे घरी आले. भिंतीवर तिचा नवा रंगीत फोटो लावला होता. शेजारी नवऱ्याचा, काचेच्या चौकटीत. गालावरची चीर तशीच होती.

मी बघत राहिलो. एव्हाना असे किती फोटो माझ्या हाताखालून गेले होते. सुरुवात कानाजवळून करायची, तिथली कातडी माउसने उचलून चिरेवर भरत खाली गालापर्यंत उतरत यायचं. तेवढ्यात भागीदार पाण्याचा तांब्या घेऊन आला. मी कुठे बघतोय ते त्याने पाहिलं. दे, करून देतो, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं.

त्याने तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि तो आत निघून गेला. मी पाणी प्यालो आणि श्रीरामपूरची गाडी धरली.