गाडीतली जागा

लोणावळ्यातल्या शाळेतली संगीतशिक्षिकेची तात्पुरती नोकरी सुटली आणि मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागले. शनिवार-रविवारी कुसगावच्या हॉटेलांत कार्यक्रम, आणि लग्नसराई-जत्रांच्या दिवसांत सातारा, सांगलीकडे दौरे. आमचे ढोलकीवाले टाकवे बुद्रुकचे. पन्नाशी उलटलेले, घरची भातशेती सांभाळून वाजवणारे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे असून ते मला ताई म्हणायचे.

दौऱ्यात मालक आणि गायक मोटारीत बसायचे. आम्ही वादक मागच्या टेम्पोत, साऊंडच्या सामानाबरोबर, स्पीकरच्या बॉक्सना टेकून. भाऊंची कंबर धरायची. उतरल्यावर ते टेम्पोचा आधार घेऊन जरा वेळ उभे राहायचे, मगच पाऊल टाकायचे.

त्या वर्षी भाऊंनी आणि मी ठरवलं, या वेळी अटी घालायच्या. हॉटेलमागच्या पायरीवर बसून मी कागदावर लिहिलं: सगळ्या वादकांना बसायला गाडी, बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली, कार्यक्रमाआधी गरम जेवण, आठवड्यातून एक सुट्टी. बोलायचं मी, असं भाऊंनीच ठरवलं. मला बोलता येतं म्हणाले.

मालकांनी मला एकटीलाच आत बोलावलं. माणूस बोलायला वाईट नव्हता. चहा मागवला, कागद नीट वाचला. खोली देतो, जेवण देतो, सुट्टीचंही बघू म्हणाले. मोटारीत मात्र एकच जागा होती, ती मी घ्यावी. मी भाऊंच्या कंबरेचं सांगितलं.

"सामानाजवळ भरवशाचं माणूस लागतं," ते म्हणाले. "भाऊंनी कधी तक्रार केली नाही. तुम्हाला जागा हवी की नको, तेवढं सांगा."

मला हवी होती. दोन हंगाम मी त्या टेम्पोत काढले होते, रस्त्यात कुठे थांबवा म्हणायचीही चोरी होती. मी हो म्हटलं.

बाहेर येऊन भाऊंना सांगितलं की बरंच मान्य झालंय, तुमचंही बघतो म्हणालेत. मालक तसं काहीच म्हणाले नव्हते.

दौऱ्याच्या चौथ्या दिवशी दुपारी, साताऱ्याच्या पुढे, टेम्पोने जोरात ब्रेक मारला. आमची मोटार पुढे गेली होती. फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. वरचा स्पीकर भाऊंच्या उजव्या हातावर आला होता. दवाखान्यात पोचलो तर ते विचारत होते, संध्याकाळी ढोलकीला कोण बसणार? मालकांनी वाटेतूनच कराडच्या एका ढोलकीवाल्याला फोन केला होता. ते त्यांना कोणीच सांगितलं नाही.

भाऊंची दोन बोटं काढावी लागली.

दौरा संपल्यावर मी टाकव्याला गेले. भाऊ ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि दारात उभी राहिली. इकडचं तिकडचं झाल्यावर भाऊंनी विचारलं, "ताई, तवा आत माझ्या जागेचं बोलला व्हता का तुमी?"

"बोलले होते. ते नाही म्हणाले. मग मी माझी जागा घेतली, आणि तुम्हाला खोटं सांगितलं."



"पैल्या दिशी टेम्पोत बसवलं, तवा वाटलं उद्या घेतील गाडीत," ते म्हणाले. "रोज तसंच वाटायचं. खरं सांगितलं असतं, तर मी दौऱ्याला आलो नसतो, एवढंच झालं असतं."

त्यांची बायको आत गेली. ती परत बाहेर आली नाही. मी उठले, तेव्हा भाऊंनी बसा म्हटलं नाही.

ते काम मी सोडलं. नंतर दोन ऑर्केस्ट्रांशी बोलणी केली. दोन्हीकडे आधी सगळ्या वादकांच्या बसण्याचं विचारलं आणि दोन्हीकडून पुन्हा फोन आला नाही. आता तळेगावात घरीच कीबोर्ड शिकवते. भाऊ भाजे गावात कुणाच्या तरी बंगल्यावर राखणीला असतात, असं कळलं. मळवली स्टेशनवरून चालत जाण्याइतकं ते जवळ आहे. मी अजून गेलेली नाही.