बाळूच्या वंशावळीत ग्यानबा दोनदा

“दादाराव, फ्लॉप्यांचा क्रम चुकवलात तुम्ही,” देसाई सर म्हणाले.

“न्हाई सर. एकीनंतर दोन, दोननंतर तीन. आकडे येतेत मला.”

परभणीला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नवा आला होता. मी चौथी पास, आधी स्टोअरला. मशीनची खोली माझ्या ताब्यात आल्यापासून मी भल्याभल्या प्राध्यापकांना बाहेर चप्पल काढायला लावली. देसाई सर पुण्याचे. त्यांनी लिस्प नावाची भाषा आणली होती. फ्लॉपी म्हणजे काळ्या, पातळ, चौकोनी पाकिटातली चकती. तिच्यातून ती भाषा मशीनमध्ये उतरवायची. मग मशीनला एक लहान काम सांगायचं. ते काम पुढं स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं. त्याला फंक्शन म्हणतात. मला ते अजून लय कळलंय असं नाही.

पहिलं प्रोजेक्ट वंशावळीचं. कोणाचे आईबाप कोण, एवढंच भरायचं. फंक्शन आईबापाचे आईबाप शोधत वर वर जातं. सरांना एक घर पाहिजे होतं, मी माझं दिलं. माझ्या बाळूचे पूर्वज विचारले, तर ग्यानबा अन् सखूबाई जोडीनं दोनदा आले.

उद्या प्रिन्सिपॉल बघणार होते. नाही चाललं तर खोलीला कुलूप, अन् मी परत स्टोअरला.

सरांनी सगळं पुसलं. फ्लॉप्या पुन्हा घातल्या, या वेळी स्वतः. कंस तपासले, या भाषेत कंसच कंस. पुन्हा ग्यानबा दोनदा.

“यातला एक काढून टाकतो,” सर म्हणाले.

“काढू नका. माझ्या आईचा बाप हाय त्यो.”

“मग बाळूच्या आईकडे कसा आला?”

माझं डोकं फ्लॉपीतच अडकलेलं. मी फ्लॉप्याच पुन्हा मोजल्या.

“तुमच्या आईचं माहेर कुठलं?”

“पोखर्णी.”

“बायकोचं?”

“पोखर्णीच की. मामाचीच पोरगी केलीय मी.”

सरांनी कपाळाला हात लावला. “आधी सांगायचं नाही का?”

“तुमी इचारलं न्हाई. तुमी फ्लॉपीचंच धरून बसलाव.”

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी पडद्यावर दोनदा आलेल्या ग्यानबावर बोट ठेवलं. सरांनी खुलासा केला. प्रिन्सिपॉल जिंतूरकडचे. म्हणाले, “यात काय नवल? माझी पोरं टाका, तिथंही असंच निघंल.”

खोली राहिली, मीही राहिलो. मशीन एकच गोष्ट दोनदा सांगायला लागलं तर लगेच पुसू नये. आधी चहा मागवावा अन् माणसाला घरचं विचारावं. फ्लॉप्यांचा क्रम बरोबर होता, हे मात्र सर शेवटपर्यंत तोंडानं बोलले नाहीत.