बिनमिठाची मासळी

गांबियाच्या किनाऱ्यावर सिर्रा दारबोची मासळीची भट्टी आईपासून चालत आलेली. बोंगा मासा मिठाच्या पाण्यातून काढायचा आणि दोन दिवस मंद धुरावर धरायचा; खाताना बोटांना तेल लागलं पाहिजे. पण कुणी बिनमिठाची, चार दिवस धुरावर ठेवून लाकडासारखी कडक केलेली मासळी मागितली, की सिर्रा ओळखायची, होडी निघणार. मिठाने तहान लागते आणि समुद्रात गोडं पाणी थोडं. एका टोपलीवर तीस माणसं स्पेनच्या बेटांपर्यंत निभावतात. राजधानीचा कारकून दरसाल येऊन विचारायचा, "सिर्राताई, यंदा किती पोरं जातील?" त्याच्या कागदांपेक्षा हिच्या टोपल्या खऱ्या ठरत.

या वेळी होडीवर माणसं पाठवणाऱ्या दलाल बकारीने तशा तीन टोपल्या सांगितल्या, आणि सिर्राने आधी अंगणात डोकावून पाहिलं: हाही पुन्हा जाणार की काय? धाकटा भाऊ यांकुबा तीन महिन्यांपूर्वी परत आला होता. सहा वर्षं जर्मनीत आसरा मागत राहिला; अर्ज फेटाळला आणि पोलिसांनी विमानात बसवून दिलं. तेव्हापासून तो अंगणातल्या चटईवर भिंतीकडे तोंड करून बसे. चहाला जमणारे म्हणत, "जर्मन साहेब, मोटार मागनं येतेय का?"

होडी शुक्रवारी सुटायची होती. सिर्राने भट्टीत ओलं लाकूड सारलं. मासळी कच्ची राहील, होडी थांबेल, तोवर वारा फिरेल. सकाळी पाहते तर ओलं लाकूड बाहेर आणि आत सुकं धडधडतंय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दुपारी तिने लाकूड बदलणाऱ्याला गाठलं. यांकुबा मासे उलटवत होता.

"तुला कुणी सांगितलं रे?"

"ताई, कच्ची मासळी सहाव्या दिवशी बुरसते. जाताना होडीत आम्ही तीच खाल्ली होती. तुझ्या भट्टीसाठी होडी थांबत नसते."

"होडीचं राहू दे. तुझं बोल."

"माझं काय? दिवसभर तुझ्या डोळ्यांसमोर असतो."

"तुझी पाठ असते."

तो पुढची रांग उलटवू लागला. जरा वेळाने तिने विचारलं, "चौथी टोपली लावू का?"

"तीन पुरतील."

तिने ओलं लाकूड लांब फेकलं. दोघांनी मिळून मासळी उतरवली, बकारीची माणसं टोपल्या घेऊन गेली.

शुक्रवारी दुपारपर्यंत ती तीनदा अंगणात डोकावून गेली. यांकुबा चटईवरच होता. पण होडी अंधार पडल्यावर सुटते, आणि तीन टोपल्यांत नव्वद जेवतात तसे, सगळ्यांनी घास घास कमी खाल्ला, तर एक्क्याण्णवही जेवतात.